रस्ता आधी, सायकल मागाहून: रत्नागिरीसारख्या शहरात सायकलने कामावर जायला सुरुवात करताना

आधी सायकल घ्यायची, मग जमेल तसं कामावर न्यायची, या क्रमाने सुरुवात करणारे बहुतेकजण दोन महिन्यांत थांबतात. सायकल जिन्याखाली जाते, पावसाळ्यात चेन गंजते आणि "कोकणात सायकल चालत नाही, चढ फार" असा निष्कर्ष निघतो. चढ आहेतच. पण चढापेक्षा जास्त माणसं चुकीचा गिअर, खाली ठेवलेली सीट, पाठीवरची सॅक आणि जून महिन्यात केलेला आरंभ यांनी थांबवली आहेत. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. उदाहरणं रत्नागिरीची आहेत. चिपळूण, मालवण, सावंतवाडीकरांनी आपापले नाके आणि घाट्या त्या जागी घालाव्यात.

1. रस्ता पायी किंवा रिक्षाने बघून घ्या

रत्नागिरी दोन पातळ्यांवर वसलेली आहे. साळवी स्टॉप, मारुती मंदिर, माळनाका ही वरची बाजू. बाजारपेठ, राम आळी, मांडवी, मिरकरवाडा ही खालची. भाट्ये ओलांडून गोळप-पावसकडे जाणाऱ्यालाही समुद्राच्या पातळीवरून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, चढावं लागतं. तेव्हा पहिला प्रश्न अंतराचा नाही. चढ जाताना आहे की येताना, हे आधी ठरवा.

वर राहून खाली नोकरी असेल तर सकाळी उतार मिळतो, घाम येत नाही, आणि माणूस फसतो. संध्याकाळी दिवसभराचं काम अंगावर घेऊन तोच उतार चढायचा असतो, तोही गर्दीच्या वेळी. खाली राहणाऱ्याचं उलट: चढ ताज्या पायांनी होतो, पण कचेरीत पोचल्यावर कपडे बदलायची सोय लागते. दोन्ही चालण्यासारखं आहे. मात्र तयारी वेगळी लागते.

एका कागदावर रस्त्याचे तुकडे लिहा आणि प्रत्येकापुढे या गोष्टी नोंदवा:

- सर्वात उभा चढ कुठे आहे आणि तिथे थांबायला जागा आहे का
- एस.टी.चे थांबे आणि रिक्षा स्टँड कुठे येतात
- साईडपट्टी आहे का, आणि डांबराच्या कडेपासून ती किती खाली गेली आहे
- रात्री दिवे नसलेला भाग कोणता
- पावसात पाणी कुठे साचतं (हे तिथल्या दुकानदारालाच विचारा)

मग पर्यायी रस्ता शोधा. वाहनाने जाताना आपण सवयीने मोठ्या रस्त्याने जातो. वाडीतून, शाळेमागून जाणारा छोटा रस्ता लांबचा वाटतो, पण सायकलला तोच सोयीचा पडतो. पाखाडी मात्र वगळा. जांभ्याच्या पायऱ्यांवरून सायकल उचलून नेणं रोज होत नाही.

> सावध: मुंबई-गोवा महामार्गाचा पट्टा किंवा हातखंब्याकडून येणारी जड वाहतूक रोजच्या वाटेत टाळता येत नसेल, तर पूर्ण अंतर सायकलने जायचा हट्ट सोडा. सुरक्षित तुकडा सायकलने आणि उरलेला एस.टी.ने, अशीही सोय करता येते.

2. वारा आणि महिना ठरवा

किनाऱ्यावर सकाळी लवकर मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो. दुपारनंतर खारा वारा समुद्राकडून आत शिरतो. मांडवी-भाट्ये भागात राहून मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याला सकाळीही वारा समोरून मिळेल आणि संध्याकाळीही. शहराच्या आतल्या बाजूला राहून किनाऱ्याकडे कामाला येणाऱ्याला तो दोन्ही वेळा पाठीवर मिळेल. समोरचा वारा सपाट रस्त्याचाही चढ करतो. त्याचा वेळ हिशेबात धरा.

आरंभ दिवाळीनंतर करा. ऑक्टोबरचा उकाडा ओसरलेला असतो, रस्त्यांचे खड्डे थोडेफार बुजवलेले असतात, आणि पुढचा पाऊस यायला सहा-सात महिने हातात असतात. एप्रिल-मे महिन्यांत दमट उष्मा असतो, वर आंब्याच्या टेम्पोंची धावपळ. जूनमध्ये तर नकोच. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नवशिक्याने ब्रेकचा अंदाज अशा पावसात शिकू नये.

3. आता सायकल: गिअरचे दात मोजून घ्या

दुकानात गेल्यावर रंग, जाड टायर आणि पुढचे शॉकअप यांकडे लक्ष जातं. हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. जाड नक्षीचे टायर डांबरावर ओढ घेतात, आणि स्वस्तातले शॉकअप वजन वाढवून चढावर पायाची ताकद खातात.

कोकणासाठी बघायची गोष्ट एकच: सर्वात हलका गिअर किती हलका आहे. पुढच्या सर्वात लहान दातेरी चाकाचे दात मोजा, मागच्या सर्वात मोठ्या दातेरी चाकाचे मोजा. पुढचा आकडा मागच्याइतका किंवा त्याहून कमी हवा. पुढे 28 आणि मागे 28 असेल तर पॅडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक एकदा फिरतं, चढ निभावतो. पुढे 28 आणि मागे 34 असेल तर उभ्या घाटीतही बसून जाता येतं. बिनगिअरच्या नेहमीच्या सायकलीत एका फेऱ्यात चाक साधारण सव्वादोन ते अडीच वेळा फिरतं. सपाट गावात ती उत्तम, माळनाक्याचा चढ रोज चढायला ती गुडघ्यांवर भार टाकते. दुकानदार म्हणेल, "एकवीस गिअर आहेत, काही अडत नाही." गिअर किती यापेक्षा दात किती हे विचारा, आणि समोर मोजून घ्या.

बाकीचं थोडक्यात. टायर मध्यम रुंदीचे, 35 ते 45 मिलीमीटरचे, फारशी नक्षी नसलेले. मागे कॅरियर बसवायला फ्रेमवर भोकं हवीत. पुढेमागे पूर्ण लांबीचे मडगार्ड हवेत. छोट्या प्लास्टिकच्या तुकड्याने पाठीवरची लाल चिखलाची रेघ थांबत नाही. सायकलच्या मधल्या दांड्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभं राहिल्यावर दोन-तीन बोटांची जागा उरली पाहिजे. डिस्क ब्रेक पावसाळ्यात खरोखर कामाचे आहेत, पण गावात ते दुरुस्त करणारा मेकॅनिक आहे याची खात्री करून मगच घ्या. नाहीतर साधे रिमवर दाबणारे ब्रेक बरे, त्यांचे रबर कुठेही मिळतात.

ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे किंवा चढ फारच उभा आहे, त्यांनी बॅटरीवरच्या सायकलीचा विचार करायला संकोचू नये. 250 वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरची वेगमर्यादा असलेल्या सायकलला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. बॅटरी काढून घरात चार्ज करता येते का आणि पावसात ती कशी झाकायची, हे विकत घेण्याआधी विचारा.

> तपासा: दुकानाबाहेर पडण्यापूर्वी बिल आणि फ्रेम नंबरचा फोटो काढा. नंबर बहुधा पॅडलच्या सांध्याखाली कोरलेला असतो. चोरीची तक्रार देताना पहिल्यांदा तोच विचारतात.

4. सीट, टायर, ब्रेक: घरी आल्यावर पहिलं काम

दुकानदार सीट खाली ठेवून देतो, कारण नव्या माणसाला दोन्ही पाय टेकले की धीर येतो. गुडघेदुखीची सुरुवात इथून होते. भिंतीला हात टेकून सीटवर बसा, पॅडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवल्यावर गुडघ्यात हलकासा बाक राहतो, आणि तेवढाच हवा. धीर होत नसेल तर दर आठवड्याला एक-एक सेंटीमीटर वाढवा, पण तिथपर्यंत पोचाच. सीटच्या नळीवर "याच्या वर काढू नका" अशी खूण असते, तिच्या पुढे जाऊ नका.

टायरवर हवेचा आकडा छापलेला असतो. साधारण त्या मर्यादेच्या मधोमध हवा ठेवा, पावसात थोडी कमी. अंगठ्याने दाबून कळत नाही, मीटरचा पंप घ्या. आठवड्याला एकदा हवा भरणाऱ्याचे बरेचसे पंक्चर टळतात, कारण कमी हवेचं टायर खड्ड्यात रिमवर आपटतं आणि ट्यूबला दोन भोकं पडतात.

ब्रेक दाबल्यावर लिव्हर हँडलला टेकता कामा नये. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे हे पाठ करा. सायकल थांबवण्याचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. "पुढचा दाबला की पालथा पडशील" ही लहानपणची धास्ती मनातून काढून टाका. मोकळ्या मैदानात दोन्ही ब्रेक एकदम, हळूहळू जोर वाढवत, अंग थोडं मागे नेऊन दाबायचा सराव करा. वळणावर मात्र पुढचा ब्रेक जोरात दाबायचा नाही. वेग वळणाच्या आधी कमी करायचा.

हेल्मेटची कड भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टे कानाखाली जुळलेले, हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकी ढील. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला.

5. सामान कॅरियरवर, कपडे कचेरीत

पाठीवर सॅक घेऊन कोकणातल्या दमट हवेत अर्धा तास सायकल चालवली की शर्ट पिळून निघतो. यामुळे कितीजणांनी सायकल सोडली असेल याला गणती नाही, आणि उपाय अगदी सोपा आहे: सामान कॅरियरवर बांधा. बाजूला लटकणारी पिशवी मिळाली तर उत्तम. ती चाकात अडकत नाही ना हे पाहा. लोंबणारा पट्टा स्पोकमध्ये गेला की चाक जागेवर थांबतं.

दोन जोड कपडे, टॉवेल आणि चपला आठवड्याच्या सुरुवातीला कचेरीत नेऊन ठेवा. पोचल्यावर लगेच कपडे बदलू नका. दहा मिनिटं पंख्याखाली बसा, घाम थांबू द्या, मग ओल्या टॉवेलने अंग पुसून बदला. घाईत बदललेला शर्ट पुन्हा भिजतो.

सोबत कायम असावं: जादा ट्यूब, टायर काढायचे दोन प्लास्टिकचे लिव्हर, छोटा पंप, षट्कोनी चाव्या, पाण्याची बाटली. आणि घरी एकदा तरी मागचं चाक काढून, ट्यूब बदलून पुन्हा बसवा. रात्री आठ वाजता कुवारबावच्या रस्त्याकडेला हे पहिल्यांदा शिकायची वेळ येऊ नये.

6. रंगीत तालीम

पहिली फेरी रविवारी सकाळी. रस्ता, चढ आणि गिअर यांची ओळख होते, पण त्या वेळेवर विसंबू नका. दुसरी फेरी कामाच्या दिवशी, खऱ्या वेळेला, सुट्टी काढून किंवा कचेरी उशिरा असेल तेव्हा. शाळा सुटण्या-भरण्याची वेळ, मासळीच्या गाड्या, बाजारातली उलटसुलट लावलेली वाहनं हे सगळं तेव्हाच दिसतं. लागलेल्या वेळेत पंधरा मिनिटं मिळवा. हाच तुमचा खरा वेळ.

पहिले दोन आठवडे मंगळवार आणि गुरुवार एवढंच. मधला दिवस स्नायूंना लागतो. नंतर तीन दिवस, मग चार. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर सुरुवातीआधी डॉक्टरांना विचारा. भरपेट जेवून किंवा अगदी उपाशी निघू नका.

चढावरची सर्वसामान्य चूक म्हणजे गिअर उशिरा बदलणं. चढ सुरू होऊन पाय अडकल्यावर लिव्हर दाबला की चेन कडकडते, कधी निसटते. चढ दिसला की आधीच, पाय हलके फिरत असताना बदला. पाय मिनिटाला सत्तरेक फेरे सहज फिरत राहिले पाहिजेत. जोर लावावा लागत असेल तर गिअर जड आहे. आणि धाप लागली तर उतरून चाला. त्यात कमीपणा नाही, पुढच्या महिन्यात तोच चढ बसून चढाल.

> तपासा: गुडघा पुढच्या बाजूने दुखतोय? सीट खाली आहे किंवा गिअर जड आहे. गुडघ्यामागे ताण येतोय? सीट जास्त वर गेली आहे. हाताला मुंग्या येतात? हँडलवर भार फार पडतोय, सीटचं टोक खाली झुकलंय का बघा.

7. गर्दीत आपली जागा घ्या

नवखा माणूस भीतीने अगदी कडेला चिकटून चालवतो. आपल्या रस्त्यांवर तीच जागा सर्वात धोक्याची. पावसाने साईडपट्टी वाहून जाते आणि डांबराची कड पायरीसारखी उभी राहते. चाक खाली उतरलं आणि तिरपं वर घ्यायला गेलं की टायर कडेला घासून सायकल रस्त्यावर आडवी पडते, मागून गाडी असतानाच. कडेपासून हात-दीड हात आत चाला. चाक खाली गेलंच तर वर घ्यायची धडपड करू नका. साईडपट्टीवरच थांबा, उतरा, सायकल उचलून ठेवा.

उभ्या मोटारींपासून दरवाजा उघडेल इतकं अंतर ठेवा. थांब्यावर उभ्या एस.टी.ला डावीकडून ओलांडू नका, माणसं उतरत असतात. ती निघेपर्यंत थांबा. ट्रकच्या डाव्या बाजूला चालकाला तुम्ही दिसत नाही, तिथे रेंगाळू नका. पुढची रिक्षा गिऱ्हाईक दिसताच डावीकडे वळणार, असं गृहीत धरूनच अंतर ठेवा.

मारुती मंदिर सर्कलसारख्या चौकात उजवीकडे जायचं असेल तर सुरुवातीला उतरा आणि पादचाऱ्यासारखा रस्ता ओलांडा. सराव झाल्यावर मागे वळून बघायचं, उजवा हात लांब करायचा, मागच्याने वेग कमी केला याची खात्री करायची आणि मगच सरकायचं. हात दाखवला म्हणजे वाट मिळाली असं समजू नका. कानात इअरफोन नको, एकही नको.

रात्रीसाठी पुढे पांढरा, मागे लाल दिवा. अंधाऱ्या रस्त्यावर पुढचा दिवा लुकलुकता ठेवला तर खड्ड्याचा अंदाज येत नाही, स्थिर ठेवा. मोकाट गुरं पावसाळ्यात रात्री डांबरावर येऊन बसतात. काळी म्हैस दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही, म्हणून उतारावर वेग दिव्याच्या टप्प्यापुरताच. कुत्रं धावून आलं तर सायकल पळवू नका. उतरा, सायकल दोघांच्या मध्ये धरा आणि चालत पुढे जा.

अपघात झालाच तर 108 वर रुग्णवाहिका, 112 वर पोलीस. खिशात रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, फोनला कुलूप असतं.

8. पावसाळा: चालवायचं की थांबायचं

हे रोज सकाळी नव्याने ठरवा. रिमझिम असेल तर चालवा. समोरचं शंभर पावलं दिसत नसेल, वीज कडाडत असेल किंवा रस्त्यावरून पाणी वाहत असेल, तर एस.टी.ने जा. रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्याखाली खड्डा आहे की उघडं गटार हे सायकलवरून कळत नाही.

फेट्यासारखी फडफडणारी मोठी रेनकोटची झूल घालू नका. भाट्याच्या पुलावर आडवा वारा ती फुगवतो आणि सायकल बाजूला ओढतो. अंगाबरोबरचं जाकीट-पॅन्ट घ्या, पॅन्टचा उजवा पाय पट्ट्याने बांधा.

घसरण्याच्या जागा लक्षात ठेवा: सावलीतल्या भिंतीखालचं हिरवं शेवाळ, लाल मातीचा पातळ थर, गटारावरच्या लोखंडी जाळ्या, पांढरे पट्टे, मासळीच्या गाड्यांतून सांडलेलं पाणी, आणि पहिल्या पावसात वर येणारं रस्त्यावरचं ऑइल. यांवरून सरळ जा, ब्रेक नको, वळण नको. रिमचे ब्रेक ओले असताना पहिल्या काही फेऱ्यांत धरतच नाहीत. म्हणून उतार लागण्याआधी हलके दाबून रिम पुसून घ्या.

9. मीठ आणि गंज

किनाऱ्यावरची सायकल उभ्याउभ्या गंजते. आठवड्यातून एकदा बादलीभर गोड्या पाण्याने आणि फडक्याने पुसा. गाड्या धुतात तिथला जोराचा फवारा मारून घेऊ नका, पाणी बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढतं.

चेन आधी पुसून कोरडी करा, मग प्रत्येक कडीवर एक थेंब चेनचं तेल, पॅडल उलटं फिरवा, पाच मिनिटांनी बाहेरचं सगळं तेल फडक्याने टिपून घ्या. बाहेर राहिलेलं तेल फक्त लाल माती धरतं. पावसाळ्यासाठी घट्ट, पाण्यात टिकणारं तेल मिळतं, ते वापरा. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं. डिस्क ब्रेकच्या चकतीला तेलाचा हातही लागू देऊ नका. पॅडने तेल प्यायलं की ब्रेक धरत नाही आणि पॅड बदलावे लागतात.

पावसाळ्यात ब्रेकचे रबर दर पंधरा दिवसांनी बघा. जांभ्याची बारीक माती त्यांना भराभर झिजवते. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की बदला, आणि रबरात रुतलेले खडे टोकाने काढा, नाहीतर रिम कापली जाते.

चेन किती ताणली हे साध्या फूटपट्टीने कळतं. नव्या चेनच्या एका पिनेच्या मध्यापासून मोजलं तर चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर येते. ती इंचाच्या सोळाव्या भागाने पुढे गेली असेल तर चेन संपली. मेकॅनिक "अजून चालेल" म्हणाला तरी बदलून घ्या, कारण ताणलेली चेन मागच्या चाकाचे दात खाते आणि मग दोन्ही एकदम बदलावं लागतं. ही मोजणी दोनदा करा: मेअखेर, आणि पाऊस ओसरल्यावर नवरात्राच्या सुमारास.